कमी खर्चातील मिलिंग स्पिंडल : बांधणी, बेअरिंग आणि हिशेब

लेथ घेऊन बसलेल्या छोट्या कार्यशाळेला काही महिन्यांतच दुसरी उणीव जाणवू लागते, ती मिलिंग मशीनची. की-वे पाडायचा असो, ठोकळ्याची बाजू सपाट करायची असो किंवा लांबट खाच काढायची असो, दर वेळी जॉब बाहेर पाठवावा लागतो. त्यात मजुरीपेक्षाही अधिक जातात ते दिवस. नवे यंत्र परवडत नाही आणि जुन्या बाजारातील यंत्राची अवस्था विकत घेईपर्यंत कळत नाही. त्यामुळे भोसरी, सातपूर किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींमधील अनेक कारागिरांच्या मनात स्वतःच मिलिंग मशीन उभारण्याचा विचार कधी ना कधी येतोच. कॉलमसाठी जुन्या यंत्राचा सांगाडा मिळतो, स्लाइड मिळते, मोटारही मिळते. गाडे अडते ते स्पिंडलवर.

स्पिंडल म्हणजे कटर धरून फिरवणारा मुख्य शाफ्ट, त्याला पेलणारी बेअरिंगे आणि ती बेअरिंगे सामावून घेणारे हाउसिंग, असा तिघांचा संच. हे यंत्राचे सर्वांत महागडे अंग असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याला सामग्री फार लागत नाही. क्रम चुकला तर मात्र महागडी सामग्रीही वाया जाते. साध्या दर्जाच्या बेअरिंगांवर उत्तम चालणारे स्पिंडल बनवता येते आणि अतिअचूक बेअरिंगे वापरून निकामी स्पिंडलही बनवता येते. फरक पडतो तो बेअरिंगच्या बैठकांमुळे, प्रीलोडमुळे आणि टेपरवरचा शेवटचा हात कुठे फिरवला यामुळे.

ड्रिलिंग मशीनचे डोके का चालत नाही?

पहिला मोह होतो तो जुन्या पिलर ड्रिलचे डोके वापरण्याचा. ड्रिलवर येणारा भार मुख्यतः उभा, म्हणजे शाफ्टच्या दिशेने असतो. मिलिंगमध्ये तो आडवा येतो आणि कटरचा प्रत्येक दात धातूत शिरताना ठोका देतो. ड्रिलचे क्विल हे ठोके सोसण्यासाठी बनवलेले नसते, त्याची साधी बॉल बेअरिंगे थोडी मोकळी असतात आणि क्विल बाहेर काढले की डोके डुलू लागते.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षेचा आहे. ड्रिलच्या स्पिंडलमधील मोर्स टेपर केवळ घर्षणावर धरून राहतो. आडव्या, ठोक्याठोक्याने येणाऱ्या भाराखाली तो सुटतो आणि चक फिरत्या कटरसह खाली येतो. मिलिंगसाठी मोर्स टेपर वापरायचाच असेल तर मागून खेचून धरणारा ड्रॉ-बार अनिवार्य आहे. क्रमांक २ च्या टेपरला त्यासाठी एम-१० आणि क्रमांक ३ ला एम-१२ चे आटे असतात. ड्रिल चकमध्ये एंडमिल धरणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

किती अचूकता पुरेशी?

अचूकतेचा विचार बहुधा भावनेने केला जातो, तो आकड्यांनी करावा. समजा, दोन दातांची ६ मिलिमीटरची एंडमिल आहे आणि प्रत्येक दाताने ०.०३ मिलिमीटर धातू काढावा अशी फीड ठेवली आहे. स्पिंडलच्या तोंडाशी डायलवर ०.०५ मिलिमीटर रनआउट दिसत असेल, तर प्रतिकूल स्थितीत एक दात दुसऱ्यापेक्षा तेवढाच बाहेर राहतो. हा फरक फीडपेक्षा मोठा असल्यामुळे दुसरा दात धातूला स्पर्शही करत नाही. पहिला दात दोघांचे काम करतो आणि लवकर तुटतो. कार्बाइडचे कटर ‘विनाकारण’ तुटतात अशी जी तक्रार कानी पडते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच गणित असते.

म्हणून स्वतः बनवलेल्या स्पिंडलसाठी वाजवी लक्ष्य असे ठेवता येईल : टेपरच्या आतील पृष्ठभागावर ०.०१ मिलिमीटरच्या आत आणि कॉलेटमध्ये धरलेल्या ग्राउंड पिनवर, तोंडापासून १०० मिलिमीटर अंतरावर, ०.०३ च्या आत. याहून चांगले मिळाल्यास आनंदच आहे, पण त्यासाठी सुरुवातीलाच खर्च वाढवण्याचे कारण नाही.

वेग आणि जोर

शाफ्टचा व्यास किंवा बेअरिंगचा क्रमांक ठरवण्याआधी यंत्रावर कोणता धातू, किती मोठ्या कटरने कापायचा हे कागदावर उतरवावे. फेऱ्यांची संख्या काढण्याचे सूत्र आयटीआयमध्ये पहिल्याच वर्षी शिकवले जाते : कापण्याच्या वेगाला (मीटर प्रतिमिनिट) १००० ने गुणावे आणि पाय व कटरचा व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. हायस्पीड स्टीलच्या १० मिलिमीटर कटरने २५ मीटर वेगाने माइल्ड स्टील कापायचे असल्यास सुमारे ८०० फेरे येतात. कार्बाइडच्या ६ मिलिमीटर कटरने १५० मीटर वेगाने अॅल्युमिनियम कापायचे असल्यास तेच उत्तर ८००० च्या घरात जाते. ही दोन्ही कामे एकाच स्वस्त स्पिंडलकडून तितक्याच उत्तम रीतीने होणार नाहीत. कोणते काम मुख्य, हे आधी ठरवावे.

येथेच राउटरच्या तयार स्पिंडलचा मोह आवरावा लागतो. २.२ किलोवॅटचा आणि २४,००० फेऱ्यांचा, पाण्याने थंड होणारा स्पिंडल बाजारात सहज मिळतो. आकडा मोठा दिसतो. पण पूर्ण वेगाला त्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, ०.९ न्यूटन-मीटरपेक्षाही कमी भरतो आणि वेग कमी केल्याने तो वाढत नाही. याउलट १ हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची साधी मोटार जवळपास ५ न्यूटन-मीटर देते. पुलीने फेरे निम्मे केले की पट्ट्यातील घट वजा जाता हाच आकडा १० च्या आसपास जातो. लाकूड, अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमवरील बारीक कामासाठी राउटर स्पिंडल उत्तम आहे. पोलादावर जाड कटर चालवायचा असेल तर पट्ट्यावर चालणारा, सावकाश आणि जाडजूड स्पिंडलच हवा. पुढील विवेचन अशाच स्पिंडलचे, म्हणजे सुमारे ३०० ते ३००० फेऱ्यांच्या पल्ल्यातील, आहे.

शाफ्ट : व्यासाची कमाल

गोल शाफ्टचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३० ऐवजी ४० मिलिमीटरचा शाफ्ट घेतला तर तो तिपटीहून अधिक ताठ होतो. पोलादाच्या किमतीत पडणारा फरक त्या मानाने किरकोळ असतो. ड्रॉ-बारसाठी शाफ्ट पोकळ करावा लागला तरी घाबरण्याचे कारण नाही. ४० मिलिमीटरच्या शाफ्टमधून १६ मिलिमीटरचे आरपार भोक पाडल्यास ताठपणा जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतो. दुसरीकडे, पुढच्या बेअरिंगबाहेर जाणारी लांबी घनाच्या प्रमाणात मारक ठरते. कटरचे तोंड बेअरिंगच्या जितके जवळ ठेवता येईल तितके ठेवावे आणि दोन बेअरिंगांमधील अंतर त्या बाहेरच्या लांबीच्या साधारण तीन ते पाच पट असावे.

धातू म्हणून ईएन-८ चालतो. ईएन-१९ किंवा ईएन-२४ घेतल्यास तोंडाकडील टेपर अधिक टिकाऊ होतो. मात्र बाजारात मिळणारा चकचकीत कोल्ड-ड्रॉन बार थेट वापरू नये. ओढताना त्याच्या पृष्ठभागात ताण साठलेले असतात. एका बाजूने धातू निघाला की ते मोकळे होतात आणि शाफ्ट वाकतो. गरम रोल केलेला किंवा नॉर्मलाइज केलेला बार घ्यावा, आधी सर्व बाजूंनी एक-दीड मिलिमीटर राखून जाडसर टर्निंग करावे, आरपार भोकही त्याच वेळी पाडून घ्यावे आणि मगच अंतिम मापाकडे वळावे. घाईत हा टप्पा गाळणाऱ्यांचे शाफ्ट ग्राइंडिंगला गेल्यावर वाकडे निघतात.

बेअरिंगच्या दोन्ही बैठका सेंटरमध्ये धरून, शाफ्ट न काढता एकाच बांधणीत ग्राइंड करून घ्याव्यात. औद्योगिक वसाहतींमध्ये सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मजुरीवर करून मिळते. कमी खर्चाच्या या उद्योगात हा एक खर्च मात्र टाळू नये. लेथवर पॉलिश पेपर लावून आणलेले माप आणि ग्राइंडरवरचे माप एकच असू शकते, पण त्या दोन पृष्ठभागांचा गोलपणा एक नसतो.

वेळ नसेल तर एक जवळचा मार्ग आहे. सरळ शँकचा ईआर कॉलेट चक तयार मिळतो. २५ मिलिमीटर शँकच्या ईआर-२५ चकला स्पिंडल मानून त्यावरच २५ बोअरची बेअरिंगे चढवता येतात. टेपर कारखान्यात ग्राइंड झालेला असतो आणि शँकही मापात असतो. अडचण दोन ठिकाणी येते. शँक कठीण केलेला असल्यास मागे नटसाठी आटे पाडता येत नाहीत. आधी कानस लावून पाहावी. ती घसरत असेल तर आट्यांऐवजी दोन भागांची क्लॅम्प कॉलर वापरावी लागते. दुसरे म्हणजे, शाफ्टचा व्यास २५ वरच अडतो. हलक्या कामासाठी हा मार्ग स्वस्त आणि समंजस आहे, जड कामासाठी तोकडा.

बेअरिंगची निवड

अमेरिकेत सेंट लुई येथे घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकन यांनी १८९८ मध्ये टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट घेतले. वळणावर गाडीच्या चाकावर उभ्या भाराबरोबर आडवा रेटाही येतो आणि दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावेत, ही त्यामागची गरज होती. मिलिंग स्पिंडलवर येणारा भार नेमका असाच मिश्र असतो. म्हणूनच घोडागाडीसाठी जन्मलेले हे बेअरिंग मर्यादित खर्चाच्या स्पिंडलला सर्वांत जवळचे ठरते. ते ताठ असते, ठोके सोसते, ट्रक-ट्रॅक्टरमुळे सर्वत्र मिळते आणि घट्ट-सैल करता येते. ४० मिलिमीटर शाफ्टसाठी ३२००८ (४० × ६८ × १९) हा क्रमांक सोयीचा आहे. प्रीलोड दिलेले असताना ग्रीसवर तीन हजार फेऱ्यांपर्यंत ते सुखाने चालते. त्यापुढे उष्णता त्रास देऊ लागते.

अधिक वेग हवा असल्यास अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग योग्य. यात गोळ्या तिरक्या कोनात टेकतात. १५, २५ आणि ४० अंश हे प्रचलित कोन. ‘पी-४’ दर्जाची जुळवलेली जोडी साध्या टेपर रोलरच्या जोडीपेक्षा कित्येक पटींनी महाग पडते. साधी डीप ग्रूव्ह बेअरिंगे, उदाहरणार्थ ६२०५, स्प्रिंगने प्रीलोड देऊन वापरता येतात. ती लाकूड आणि पातळ अॅल्युमिनियमपुरतीच ठीक.

दर्जाचा आकडा काय सांगतो हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ४० मिलिमीटर बोअरच्या सर्वसाधारण दर्जाच्या बॉल बेअरिंगच्या आतल्या रिंगला सुमारे १५ मायक्रॉनपर्यंत रनआउटची मुभा असते. ‘पी-५’ मध्ये ती ५ वर येते. टेपर रोलरच्या सर्वसाधारण दर्जात ती २० मायक्रॉनच्या आसपास आहे. हे वाचून लक्ष्य हुकल्यासारखे वाटेल. पण आतली रिंग शाफ्टबरोबरच फिरते, म्हणजे तिची चूक शाफ्टच्या सापेक्ष कायम एकाच जागी राहते. अशी चूक नंतर कापून काढता येते. ती कशी, हे पुढे येईल.

बेअरिंगे भंगारातील घेऊ नयेत, त्यांचे रोलर कुठल्या ठोक्यांतून गेले ते बाहेरून दिसत नाही. बनावट मालाचाही सुळसुळाट आहे. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घेतलेली साधी बेअरिंगे ही संशयास्पद ‘प्रिसिजन’ बेअरिंगांपेक्षा केव्हाही चांगली.

मांडणी : चाकाच्या हबसारखी

दोन टेपर रोलर बेअरिंगे समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावून बसवता येतात. स्पिंडलसाठी दुसरी मांडणी निवडावी. ट्रकच्या पुढच्या चाकाचा हब डोळ्यांसमोर आणला की ती चटकन कळते. रोलरच्या बारीक टोकांची तोंडे एकमेकांकडे, जाड टोकांची बाहेर. नट आवळला की आतल्या रिंगा परस्परांकडे सरकतात. या मांडणीत भाराच्या रेषा बाहेर फाकतात. त्यामुळे दोन बेअरिंगे प्रत्यक्षात आहेत त्याहून दूर असल्यासारखी वागतात आणि शाफ्ट डुलण्यास अधिक विरोध करतात.

उष्णतेच्या दृष्टीनेही हीच मांडणी सोयीची आहे. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. बेअरिंगांत १६० मिलिमीटर अंतर असेल आणि शाफ्ट हाउसिंगपेक्षा १० अंशांनी अधिक तापला, तर तो १९ मायक्रॉनने लांबतो. समोरासमोरच्या मांडणीत ही वाढ बेअरिंगांना अधिक आवळते, ती आणखी तापतात आणि शेवटी जाम होतात. पाठीला पाठ असलेल्या मांडणीत लांबीची वाढ प्रीलोड सैल करते, तर शाफ्ट व रिंगांचा फुगलेला व्यास तो वाढवतो. दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून काढतात.

चाकात आतल्या रिंगा स्थिर आणि बाहेरच्या फिरत्या असतात, स्पिंडलमध्ये याच्या उलट. कापण्याचा रेटा एकाच दिशेने येत असताना आतली रिंग फिरत राहते, म्हणून ती शाफ्टवर घट्ट बसायला हवी. अन्यथा ती शाफ्टवर सूक्ष्मपणे सरकत राहते आणि बैठक झिजवते. पुढची बैठक ४० मिलिमीटरपेक्षा २ ते १३ मायक्रॉनने मोठी (तक्त्यातील के-५) ठेवावी. मागची रिंग मात्र नटने सरकवून प्रीलोड द्यायचा असतो, म्हणून ती बैठक मापाला किंवा ११ मायक्रॉनपर्यंत लहान (एच-५) असावी. दोन्ही बैठका सारख्याच घट्ट ठेवल्यास नट आवळताना रिंग अडकत-अडकत सरकते आणि प्रीलोडचा अंदाजच लागत नाही.

हाउसिंग

हाउसिंगसाठी ओतीव लोखंडाचा ठोकळा सर्वोत्तम, कारण तो कंप शोषतो. तो नसेल तर जाड भिंतीची सीमलेस नळी चालते. महत्त्वाचे एवढेच, की दोन्ही बेअरिंगांची घरे एकाच बांधणीत बोअर झाली पाहिजेत. ठोकळा उलटा करून दुसऱ्या बाजूने बोअर केल्यास दोन घरांचे अक्ष जुळत नाहीत आणि पुढे कितीही खटपट केली तरी स्पिंडल गरम होत राहतो.

यावर एक जुनी, सोपी युक्ती आहे. आत पायऱ्या न ठेवता ६८ मिलिमीटरचा एकच आरपार बोअर करावा आणि बाहेरच्या दोन रिंगांमध्ये एक नळी, म्हणजे स्पेसर, ठेवावा. पाठीला पाठ असलेल्या मांडणीत दोन्ही बाहेरच्या रिंगा आतल्या बाजूस रेटल्या जात असल्याने स्पेसर त्यांना बरोबर पेलतो. त्याची दोन्ही तोंडे समांतर हवीत. सरफेस ग्राइंडरवर ते काम काही मिनिटांचे आहे. मग पुढे एक झाकण लावून संच जागी धरला की झाले.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्ड येथे राहणारे डेव्ह जिंजरी (निधन २००४) यांनी भंगारातून संपूर्ण कार्यशाळा उभारण्यावर पुस्तकांची मालिका लिहिली. कोळशाची भट्टी, मग लेथ, शेपर आणि चौथ्या पुस्तकात मिलिंग मशीन, असा तिचा क्रम आहे. आधीचे यंत्र पुढचे यंत्र घडवते, हा त्यातला धागा. ज्याच्याकडे लेथ आहे त्याला हाउसिंग बोअर करण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. ठोकळा लेथच्या सॅडलवर बांधावा आणि दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार फिरवावा. अशा बोअरचा सरळपणा चकमध्ये धरून केलेल्या बोअरपेक्षा सहसा चांगला येतो.

प्रीलोड : नटचा एक अंश

चाकाच्या हबमध्ये मेकॅनिक किंचित मोकळीक ठेवतो. स्पिंडलमध्ये मोकळीक शून्याच्याही खाली, म्हणजे रोलर किंचित दाबलेल्या स्थितीत ठेवावे लागतात. यालाच प्रीलोड म्हणतात. तो कमी असेल तर कटर थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. जास्त असेल तर बेअरिंग तापून अकाली जाते.

मागच्या टोकाला एम-४० × १.५ चे आटे पाडल्यास तयार लॉकनट बसतो. दीड मिलिमीटर पिचचा नट एक अंश फिरवला की रिंग ४ मायक्रॉनहून थोडी अधिक सरकते. २०० मिलिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी हा एक अंश साडेतीन मिलिमीटरचा असतो. अंदाजाने ‘पाव फेरा’ आवळण्याची सवय येथे किती घातक आहे, ते यावरून ध्यानात यावे. डायल शाफ्टच्या टोकाला लावून शाफ्ट मागे-पुढे ढकलावा, हालचाल शून्य होईपर्यंत नट आवळावा आणि तेथून पुढे दोन अंशांच्या आसपास जावे. शाफ्टभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंग काट्याने ओढली तर फिरण्याचा विरोधही मोजता येतो. हा आकडा टिपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी तो फार उपयोगी पडतो.

बाजारातील लॉकनटचे तोंड आट्यांना काटकोनात असतेच असे नाही. तिरक्या तोंडाचा नट आवळला की तो शाफ्टलाच सूक्ष्म बाक देतो. त्याच आट्यांच्या मँड्रेलवर नट चढवून तोंड फेसिंग करून घ्यावे. पाच मिनिटांच्या या कामाने पुष्कळदा १० मायक्रॉनचे कोडे सुटते.

शेवटचा हात

आता मूळ प्रश्न. साधी बेअरिंगे वापरूनही रनआउट ०.०१ च्या आत कसा आणायचा? उत्तर असे, की टेपर सर्वांत शेवटी, स्पिंडल स्वतःच्याच बेअरिंगांत फिरत असताना कापायचा. शाफ्ट लेथच्या चकमध्ये धरून टेपर बोअर केला तर तो लेथच्या अक्षाशी जुळतो आणि बेअरिंगवर चढल्यावर रिंगांच्या चुका त्यात मिसळतात. शाफ्ट, बेअरिंगे, हाउसिंग, प्रीलोड हे सारे पूर्ण करून, स्पिंडल त्याच्या पट्ट्यावर फिरवत टेपर कापला की तो फिरण्याच्या प्रत्यक्ष अक्षाशीच जुळतो. आतल्या रिंगांची चूक अशा रीतीने नाहीशी होते. बाहेरच्या रिंगेची आणि रोलरची चूक उरते. ती कापून जात नाही, पण सहसा काही मायक्रॉनांचीच असते.

ईआर कॉलेटचा टेपर अक्षाशी ८ अंशांचा, म्हणजे एकूण १६ अंशांचा असतो. स्पिंडलचा संपूर्ण संच लेथच्या बेडवर, अक्ष समांतर राहील असा घट्ट बांधावा. कंपाउंड स्लाइड ८ अंशांत फिरवून आधी बोअरिंग टूलने आणि शेवटी स्लाइडवर बांधलेल्या लहान ग्राइंडरने टेपर पूर्ण करावा. स्लाइडवरील अंशांच्या खुणांवर विसंबू नये. तयार ईआर चक लेथमध्ये अचूक धरावा, डायलचे टोक त्याच्या आतील टेपरवर टेकवावे आणि स्लाइड पुढे-मागे करताना काटा हलणार नाही अशा जागी ती आवळावी. हे काम टेपर कापण्याच्या आधीच उरकावे आणि त्यानंतर स्लाइडला हात लावू नये. टेपर झाल्यावर निळा रंग लावून कॉलेट बसवावा. रंग सर्वत्र उमटला तर उत्तम, केवळ तोंडाशी किंवा केवळ तळाशी उमटला तर कोन चुकला.

एक पथ्य पाळावे. यानंतर बेअरिंग शाफ्टवरून काढू नये. काढावेच लागले तर रिंग आणि शाफ्ट यांवर आधी खूण करून ती त्याच स्थितीत परत चढवावी. रिंग फिरून बसली की कापून काढलेली चूक परत येते.

ईआर-३२ निवडल्यास २० मिलिमीटरपर्यंतचे कटर धरता येतात. त्याच्या नटाचे आटेही एम-४० × १.५ च आहेत, त्यामुळे आटे पाडण्याची तयारी दोन्ही टोकांना एकच पुरते. कॉलेटचा पूर्ण संच घेण्याऐवजी नेहमी लागणाऱ्या तीन-चार मापांचे चांगले कॉलेट घ्यावेत. स्वस्त कॉलेटचा रनआउट स्पिंडलच्या माथी मारला जातो.

ग्रीस आणि रन-इन

ग्रीस जितके अधिक तितके चांगले, हा समज येथे उलटतो. बेअरिंगमधील मोकळ्या जागेच्या साधारण ३० टक्के ग्रीस पुरते. जास्त भरल्यास ते घुसळले जाऊन उष्णता निर्माण करते. टेपर रोलर बेअरिंग ग्रीसला बारीक टोकाकडून जाड टोकाकडे ढकलते. उभ्या स्पिंडलमध्ये पुढच्या बेअरिंगचे जाड टोक खाली असल्याने ग्रीस तोंडाकडे उतरू पाहते. पुढच्या झाकणात दोन-तीन खाचांचा चक्रव्यूह आणि शाफ्टवर चिप्स व पाणी बाहेर फेकणारी चकती असावी.

पहिल्यांदा सुमारे ५०० फेऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटे चालवून थांबावे, हाउसिंग गार होऊ द्यावे, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवावा. हाउसिंग कोमट होणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त आहे. अजिबात ऊब आली नाही आणि कापताना थरथर जाणवली तर तो कमी आहे.

पैसे कुठे घालावेत

मोटार जुनी चालेल, पुली जुन्या ड्रिलची चालेल, हाउसिंगचा ठोकळा भंगारातला चालेल. बेअरिंगे सर्वसाधारण दर्जाची पण नवी आणि खरी असावीत. शाफ्टचे ग्राइंडिंग आणि स्पेसरची तोंडे यांवर हात आखडता घेऊ नये. एक चांगला लिव्हर डायल तर यादीत सर्वांत वर हवा, कारण त्याच्याशिवाय वरील एकही आकडा तपासता येत नाही. वेगात बदल हवा असल्यास थ्री फेज मोटारीला घरगुती पुरवठ्यावर चालणारा ड्राइव्ह जोडता येतो. मात्र फार कमी वेगावर मोटारीची ताकद आणि थंडावा दोन्ही घटतात, म्हणून पायऱ्यांची पुली ठेवावीच.

ज्याला वारंवार आणि झटपट टूल बदलायचे आहेत किंवा सीएनसीवर दिवसभर उत्पादन घ्यायचे आहे, त्याने हा खटाटोप करू नये. त्याच्यासाठी बीटी-३० टेपरचा तयार कार्ट्रिज स्पिंडल शेवटी स्वस्तच पडतो. ज्याचा लेथच झिजलेला आहे त्यानेही आधी लेथकडे पाहावे.

यंत्र सुरू करण्यापूर्वी पट्ट्यावर जाळी, मोटारीला अर्थिंग आणि हाताशी लाल बटण या तीन गोष्टी पूर्ण असाव्यात. ईआर नट कटर किंवा पिन आत असल्याशिवाय कधीही आवळू नये, रिकामा कॉलेट चेपून कायमचा बिघडतो. पहिला काप अॅल्युमिनियमवर, अर्ध्या मिलिमीटरहून कमी खोलीचा घ्यावा आणि त्यानंतर डायल पुन्हा लावून सुरुवातीच्या नोंदीशी ताडून पाहावा. पहिल्या काही तासांत रिंगा बैठकीत नीट बसतात आणि प्रीलोड थोडा उतरतो. तो एकदा पुन्हा जुळवून नटचा लॉक पक्का केला की स्पिंडल नियमित कामाला घेता येतो.